तापलेली गाडी

गाडी तापते आहे हे मला आठ दिवसांपासून कळत होते. घाटंजीच्या पुढे चढ लागला की तिचा जोर कमी पडायचा, पोटरीला चुलीजवळ बसल्यासारखी धग लागायची आणि थांबल्यावर जळक्या तेलाचा वास यायचा. तरी मी चालवत राहिलो.

तो सप्टेंबर २०१७ चा महिना. ज्यांनी तो पावसाळा आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काढला, त्यांना अधिक सांगायला नको. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेलेली, तिच्यात शिरून फवारणी करायची, आणि विषबाधेची बातमी रोजची. त्या हंगामात जिल्ह्यातले वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मी गावोगाव सांगत फिरत होतो: वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, दोन-तीन औषधे एकत्र कालवू नका, उपाशीपोटी पंप पाठीवर घेऊ नका. आणि शेवटी नेहमीचे वाक्य, आधी पाहणी करा, मग फवारा. स्वतःच्या गाडीची पाहणी करायला मात्र मला सवड नव्हती.

एका संध्याकाळी सभा आटोपून निघत होतो, तोच एक माउली धावत आली. तिचा पंचविशीतला मुलगा दिवसभर फवारून घरी आला होता आणि उलट्या करत होता. डोळ्यांना अंधुक दिसत होते, अंगाला दरदरून घाम. १०८ ला फोन लावला. गाडी निघाली, पण गावचा रस्ता चिखलाने बसलेला, ती डांबरी सडकेपर्यंतच येणार. मधले पाच किलोमीटर आम्हालाच पार करायचे होते. त्याचे कपडे उतरवले, साबणाने अंग धुतले, औषधाचा डबा पिशवीत घेतला. कोणते औषध अंगात गेले ते डॉक्टरांना डब्यावरून कळते, म्हणून तो नेहमी बरोबर न्यावा. मुलगा मधे, मागे त्याला धरून चुलतभाऊ, पुढे मी.

दोन किलोमीटरवर, चढ अर्धा चढून झाला असता, गाडीने दम टाकला. किक मारायला गेलो तर पाय खाली जाईना. इंजिन आतून आवळले होते.

जवळच्या शेतातून एक म्हातारेबुवा बंडी जुंपून घराकडे निघाले होते. त्यांनी काही न विचारता बंडीतला चारा खाली टाकला आणि मुलाला निजवले. बैलांच्या चालीने तीन किलोमीटरला पाऊण तास लागला. मी बंडीमागून चिखल तुडवत चाललो होतो. वाटेत मुलगा कण्हायचाही थांबला, तेव्हा त्याच्या भावाने माझ्याकडे पाहिले. ती नजर मी अजून विसरलो नाही. सडकेवर गाडी उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला, मुलाने डोळे उघडले होते. मग मी मोटारसायकल आणायला गेलो. म्हातारेबुवा तिच्याजवळ उकिडवे बसलेले. त्यांनी ऐन उमेदीची वर्षे विहिरीवरचे ऑइल इंजिन चालवले होते.

"सायेब, इंजिन तापते ते वझ्यानं, नाई तं पाण्यानं. तुमच्या इंजिनाचं पानी म्हंजे वारा. तो तं तुमी बंद केला."

खरेच होते. सिलिंडरभोवतीच्या पात्यांच्या फटीत काळी माती बसून विटेसारखी भाजली होती. आपली काळी जमीन ओली असताना फुगते, चिकटते, आणि वाळली की दगड होते. पेट्रोलच्या शक्तीतला साधारण चौथा हिस्साच चाकापर्यंत पोचतो. बाकीची उष्णता सायलेन्सरवाटे आणि या पात्यांवाटे बाहेर पडायची असते. तिला वाटच नव्हती. ऑइलची पट्टी काढली तर टोकाला काळा थेंब. लिटरभर तेलातले निम्मेही उरले नव्हते.

बुवांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, न्यूट्रल केली आणि मागचे चाक हाताने फिरवले. मोकळे चाक चार-दोन वेढे घेते. ते अर्ध्या वेढ्यात थांबले. "कोनीतरी मांगून धरून ठेवली हाये," बुवा म्हणाले. धरणारा मीच होतो. पंधरा दिवसांपूर्वी ब्रेक सैल वाटला म्हणून सळईचा नट मी स्वतः आवळला होता, आणि पायाला ढील ठेवलीच नव्हती. म्हणजे पंधरा दिवस गाडी सपाट रस्त्यावरही चढ चढत होती. पात्यांतल्या मातीने आणि कमी तेलाने उरलेले काम केले.

नट सैल करून पायाला बोटभर ढील ठेवली, तेव्हा चाक मोकळे झाले. माती लाकडी काडीने आणि रॉकेलच्या बोळ्याने काढली. तीही इंजिन पार थंड असताना. तापल्या इंजिनावर नाल्याचे पाणी ओतणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. तडा गेला की मग कपाळाला हात. नवे ऑइल त्या गाडीला सांगितलेलेच घातले. ट्रॅक्टरचे उरलेले घालू नये, कारण मोटारसायकलचा क्लचही त्याच तेलात बुडालेला असतो. प्लग काढून पाहिला. तो विटकरी असला तर ठीक, पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाते असे समजावे. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्याने जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीचे मिश्रण जरा पातळच पडते.

तालुक्याच्या एका मिस्त्रीने आदल्याच आठवड्यात, गाडीला हात न लावता, बोअर करावे लागेल असे सांगितले होते. तेवढे करावे लागले नाही. रिंगा घासल्या त्या मात्र घासल्याच, पुढे वर्षभरात बदलल्या.

मुलगा नवव्या दिवशी घरी आला. आज त्याची स्वतःची गाडी आहे. परवा घाटंजीच्या बाजारात भेटला, मागे तुरीच्या डाळीची थैली बांधलेली. मी काही बोलण्याआधीच त्याने गाडी स्टँडवर घेतली आणि मागचे चाक फिरवून दाखवले.