गंगावेशीचा दूध कट्टा आणि दोन घटिका

कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटाकडून शुक्रवार पेठेतून शहरात शिरणारा रस्ता गंगावेशीच्या चौकात येतो. तेथे सकाळी गवळ्यांच्या म्हशी रांगेने उभ्या असतात. गिऱ्हाईक समोर उभे राहते, गवळी कासेला हात घालतो, धार वाजू लागते आणि फेसाने काठोकाठ भरलेला पेला गिऱ्हाइकाच्या हाती येतो. दूध तापवण्याचा प्रश्नच नाही. म्हशीच्या अंगाची ऊब असतानाच ते प्यावयाचे, मिशीवरचा फेस पुसावयाचा आणि कामाला लागावयाचे. हाच कोल्हापूरचा प्रसिद्ध दूध कट्टा. सकाळी गजबजतो तसा तो सायंकाळीही गजबजतो. परंतु सूर्यास्तानंतर अन्न वर्ज्य मानणारे जैन गिऱ्हाईक तेथे प्रायः सकाळीच दिसते.

या कट्ट्याचे मूळ तालमीत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला उदार आश्रय दिला, खासबागेचे मैदान बांधले आणि मल्लांच्या खुराकासाठी पंढरपुरी म्हशींची जोपासना होऊ दिली. ही म्हैस लांबलचक शिंगांवरून लगेच ओळखू येते. ती कोठेही, अनोळखी चौकातसुद्धा, पान्हा सोडते. म्हणून गवळी तिला दारोदार नेऊ शकत. पुढे १९६३ साली गोकुळ दूध संघ स्थापन झाला, पिशवीतील दूध घरोघरी पोहोचले, तरी कट्टा उठला नाही. गंगावेश तालीम तर हाकेच्या अंतरावरच आहे. पहाटे हजारो जोर-बैठका काढणाऱ्या पैलवानाला जे पचते ते दिवसभर गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्यालाही पचेल, हा मात्र निव्वळ गैरसमज होय.

कट्ट्यापासून थोड्याच अंतरावर शुक्रवार पेठेत लक्ष्मीसेन भट्टारकांचा मठ आहे. तेथे दर्शनाला येणाऱ्या श्रावकांच्या घरी दुधाचा नियम अगदी निराळा आहे. दूध काढल्यापासून एका मुहूर्ताच्या आत, म्हणजे दोन घटिका किंवा ४८ मिनिटांच्या आत, ते गाळून उकळले पाहिजे. त्यानंतर त्यात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते असे आपले आचार्य सांगत आले. हा नियम जीवदयेचा आहे, आरोग्यशास्त्राचा नाही, आणि त्याला प्रयोगशाळेच्या शिक्कामोर्तबाची गरजही नाही. तथापि एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चरच्या संशोधनातून पेय तापवून निर्जंतुक करण्याची जी रीत निघाली, तिने दुसऱ्या वाटेने जवळपास तेच सांगितले. आज दुग्धालयात दूध ७२ अंश सेल्सियसवर १५ सेकंद तापवतात, ते याच कारणाने.

कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस नावाचा, वारंवार उलटणारा आणि सांधे धरणारा ताप येऊ शकतो. जनावरांचा क्षयही माणसाला होऊ शकतो. जुलाब-उलट्या घडवणारे जंतू तर वेगळेच. जनावर दिसायला धडधाकट असले तरी त्याच्या दुधात रोग असू शकतो, ही यातील खरी अडचण आहे. धार डोळ्यांदेखत काढली म्हणजे पाण्याची भेसळ नाही एवढी खात्री पटते. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. ‘धारोष्ण दूध म्हणजे अमृत’ असे म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे की, भावप्रकाशात धारोष्ण दुधाची प्रशंसा आहे ती गाईच्या. म्हशीचे दूध निवल्यावरच प्यावे असे तोच ग्रंथ सांगतो. आणि कट्ट्यावर तर म्हशीच उभ्या असतात! उकळल्याने दुधातील कॅल्शियम जात नाही, प्रथिनेही राहतात. काही जीवनसत्त्वे थोडी घटतात, एवढाच तोटा.

आता त्या पेल्याचा जमाखर्च. म्हशीच्या पाव लिटर दुधात सुमारे १७ ग्रॅम स्निग्धांश असतो. त्यातील संपृक्त भाग ११ ग्रॅमच्या घरात जातो. म्हणजे प्रौढ माणसाला दिवसभरात जेवढा चालावा त्याचा निम्मा एकाच पेल्यात संपला. त्यावर साजूक तूप, पेढा आणि बासुंदी आली की रक्तवाहिन्यांच्या खात्यावर उचल वाढतच जाते. त्याच पेल्यात दुग्धशर्करा सुमारे १२ ग्रॅम असते. ती पचवणारे विकर बालपणानंतर बहुतेक माणसांत कमी होते. पोट फुगते, गुरगुरते, क्वचित जुलाब होतात. हा आजार नव्हे, देहाचा स्वभाव आहे. अशांनी दूध थोडे आणि जेवणाबरोबर घ्यावे. दही-ताक त्यांना बहुधा सोसते, कारण विरजणातील जंतू शर्करेचा काही भाग आधीच फोडतात.

लक्ष्मीपुरीत धान्याची पेढी असलेल्या एका सत्तरीच्या गृहस्थांना हा त्रास होताच. कट्ट्यावरचा पेला त्यांनी चाळीस वर्षे घेतला होता. पोट कुरकुरू लागले, मधुमेह निघाला आणि त्यांनी दूध, दही, ताक सगळेच एका दिवसात बंद केले. घरच्यांना बरे वाटले. काही वर्षांनी तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, चाल डळमळली आणि उधारीची खाती तोंडपाठ असलेला माणूस नावे विसरू लागला. सर्वांनी वयाला दोष दिला. तपासणीत निघाली ती बी-१२ जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता.

हे जीवनसत्त्व धान्यात, डाळीत, भाजीत नसते. मांस-अंडी न खाणाऱ्याला ते आहारातून मिळते ते दुधातूनच. दिवसाला सुमारे २ मायक्रोग्रॅम लागते आणि पेलाभर दूध त्यातील साधारण १ देते. उतारवयात ते आतड्यात नीट शोषले जात नाही, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी दीर्घकाळ घेतल्यास आणखी घटते. म्हणजे दूध पिणारेही निर्धास्त नाहीत. इंजेक्शनांनी त्यांची चाल पुष्कळशी सुधारली. पायांचा बधिरपणा मात्र पूर्ण गेला नाही. रक्ताची साधी तपासणी दोन वर्षे आधी झाली असती तर कदाचित तोही राहिला नसता.

त्यांचा पुण्यात शिकणारा नातू आता दूध घेत नाही. त्याचे कारण पोटाचे नाही. सुट्टीत आजोबांबरोबर कट्ट्यावर गेला असता त्याने विचारले, “आजोबा, हिचं रेडकू कुठाय?” आजोबांना उत्तर देता आले नाही, आणि त्यांनी ते बनवूनही सांगितले नाही. आपल्या अनेक घरांत आज हा प्रश्न विचारला जातो आहे. तो उद्धटपणाचा मानून झटकणे अहिंसा मानणाऱ्यांना शोभणारे नाही. नातवापुढे आजोबांनी अट घातली ती एकच: दूध सोड, पण बी-१२ ची गोळी सोडू नकोस.

हे गृहस्थ अजूनही मठातून दर्शन घेऊन परतताना कट्ट्यावर थांबतात, गवळ्याशी चार शब्द बोलतात. पण पेला घेत नाहीत. बरणीत अर्धा लिटर दूध घेऊन पायाखालची वाट चाचपत घरी येतात. सून ते पातळ फडक्याने गाळून लगेच गॅसवर ठेवते. एक उकळी, मग साय बाजूला. संध्याकाळी त्याचेच विरजण लागते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणात सायविरहित ताकाची एक वाटी त्यांच्या ताटाशी येते.