तीन संतांच्या गावातील सोने

साऊथ वेल्समध्ये कार्डिफ शहरापासून सुमारे 16 किलोमीटरवर, टेकडीच्या माथ्यावर लँट्रिसंट हे जुने गाव वसले आहे. गावाच्या नावाचा अर्थ ‘तीन संतांचे देवालय’. आसपासची खोरी एकेकाळी कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध होती. ब्रिटनमध्ये दशमान नाणी यावयाची होती आणि लंडनमधील जागा अपुरी होती. म्हणून 1968 साली तेथील राजटांकसाळीचा नवा कारखाना येथे सुरू झाला. आयझॅक न्यूटनने जिचे प्रमुखपद भूषविले, तीच ही टांकसाळ.

काळ पालटला. रोखीचे व्यवहार घटले, नाण्यांची मागणी ओसरली. 2024 मध्ये टांकसाळीने परदेशांसाठी नाणी पाडणे थांबविण्याचा निर्णय घेतला आणि त्याच वर्षी आपल्या आवारात एक निराळा कारखाना उघडला. त्याचा कच्चा माल म्हणजे टाकून दिलेले दूरचित्रवाणी संच, संगणक व फोन यांतील सर्किट बोर्ड. वर्षाकाठी 4,000 टनांपर्यंत बोर्ड हाताळता यावेत, अशी त्याची आखणी होती.

बोर्ड तापवून त्यावरील भाग सुटे केले जातात. त्यांतून सोन्याचा अंश असलेले तुकडे निवडून ते कॅनडातील एक्सिर कंपनीने विकसित केलेल्या द्रावणात टाकतात. भट्टीवाचून, साध्या तापमानालाच काही मिनिटांत सोने विरघळते. मग त्याची पूड वेगळी करून ती आटवतात. द्रावण पुन्हा वापरता येते. तांबे, ॲल्युमिनियम व पोलादही निराळे काढले जाते.

केरातून सोने काढणे व्यापारी पेठांना नवे नाही. मुंबईच्या झवेरी बाजारात सोनारांच्या दुकानांतील धूळ धुऊन झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या सोन्याचे कण मिळवीत आले. मात्र पितळेच्या मुरादाबादेत रामगंगेच्या काठी हेच बोर्ड उघड्यावर जाळून व ॲसिडात बुडवून धातू काढले गेले. धूर मजुरांच्या छातीत गेला, राख नदीत मिसळली. कसोटीचा दगड सोन्याचा कस सांगतो. त्यामागची हिंसा सांगत नाही.

श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म आणि विषवाणिज्य यांचा समावेश आहे. लँट्रिसंटमध्येही उष्णता व रसायने लागतातच. तेथे दोष पूर्णपणे टळतो, असे म्हणता येणार नाही. परंतु तो कमी करता येतो, आणि गृहस्थाच्या अणुव्रतामागे हाच विवेक आहे. कपाटात पडून राहिलेला फोन किंवा पेढीवरील बंद संगणक भंगारात वजनावर विकल्यास चार रुपये लगेच हाती येतात. तोच नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपविल्यास कदाचित त्याहून कमी मिळेल. पण कोणाच्या तरी श्वासाचे मोल त्या हिशेबात धरले गेलेले असेल.