चाळीतला कांदा
सोमवारी सकाळी नऊ वाजता पश्चिम विभागाचा आकडा माझ्यासमोर उघडतो. एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीच्या विक्रीचं नियोजन मी बघते. कुणाला कोणते जिल्हे द्यायचे, टार्गेट किती ठेवायचं, तिमाहीअखेर किती विक्री होईल ते वरच्यांना आधीच सांगायचं, ही माझी कामं. त्यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. प्रतिनिधींनी ‘होणार’ म्हणून नोंदवलेल्या व्यवहारांच्या बेरजेला ऑफिसात पाइपलाइन म्हणतात. मला ती बेरीज पाहिली की आमची कांद्याची चाळ आठवते.

मी लासलगावची. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये निघाला की माझे वडील, अण्णा, तो सगळा लगेच मार्केटला नेत नसत. चाळीत भरायचा आणि भाव बघत बघत चार-पाच महिने थोडा थोडा काढायचा. पण भरला तेवढा कांदा बाहेर निघत नाही. वजन घटतं, कोंब फुटतात, सड लागते. दिवाळीपर्यंत तिसरा हिस्सा गेला तरी कुणाला नवल वाटत नाही. शंभर क्विंटल भरले म्हणून अण्णांनी शंभराचा हिशेब कधीच धरला नाही.

भरतानाच ते कांद्याची मान दाबून बघायचे. मान बारीक आणि सुकलेली असली तर चाळीत. जाड मानेचा, जोड, डेंगळ्याचा, काप लागलेला कांदा बाजूला निघायचा. तो मिळेल त्या भावाला लगेच विकायचा. पुढे दर आठ-दहा दिवसांनी चाळीच्या फटीत हात घालायचे, बाहेर काढून हाताचा वास घ्यायचे. वरचा पापुद्रा चकचकीत आणि आत पाणी सुटलेलं, असा कांदा मी कितीदा पाहिलाय. असा एक राहिला की शेजारच्या चारांना घेऊन जातो.

ऑफिसात मान दाबायला मी शिकले ती एका मार्चमध्ये फसल्यावर. एक मोठा व्यवहार सहा महिने यादीत वर होता, ‘नव्वद टक्के’ असा शेरा मारलेला. प्रतिनिधी खोटं बोलत नव्हता. ग्राहकाच्या संगणक विभागाच्या प्रमुखांना तो दहा वेळा भेटला होता, त्यांना आमचा माल हवाही होता. ज्यांच्या सहीनं पैसे सुटणार होते, त्यांच्यापर्यंत मात्र विषयच गेलेला नव्हता. मी न तपासता आकडा वर पाठवला. ३१ मार्चला हाती काही नाही, आणि त्या एकाच्या मागे लागून त्या प्रतिनिधीचे तीन छोटे व्यवहारही गेले.

तेव्हापासून मी प्रत्येक व्यवहाराला तीन गोष्टी विचारते. पैसे मंजूर करणाऱ्या माणसाला भेटलात का? ग्राहकाची जुनी यंत्रणा बंद व्हायची तारीख ठरली आहे का? गेल्या महिन्याभरात समोरून आपणहून फोन आला का? तिन्हींना नकार असेल तर नाव यादीतून निघतं. प्रतिनिधींना राग येतो, आणि तो मला समजतो. मेहनतीनं भरलेली चाळ उपसताना जीव तुटतोच.

लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. गॅमा किरणांनी कांद्याचे कोंब थांबतात, सड थांबत नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये व्यवहाराची तारीख पुढे ढकलली की तो पुन्हा ताजा दिसतो. आतली सड तशीच चालू असते. म्हणून तारीख दोनदा सरकलेला व्यवहार मी आधी उघडते.

काही गोष्टी तपासूनही कळत नाहीत. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी आली, लासलगावात लिलाव थांबले, भाव कोसळले. तेव्हा मार्केटला येत होता तो लाल कांदा. तो उन्हाळसारखा टिकत नाही, शेतकऱ्याला थांबायची सोयच नव्हती. सरकारी खात्यांची खरेदी अशीच एका परिपत्रकानं अडते. म्हणून कुठल्याही प्रतिनिधीचं सगळं टार्गेट एकाच खात्यावर अवलंबून राहील अशी वाटणी मी करत नाही, मग ते खातं कितीही मोठं असो.

गेल्या सोमवारी यादीत ४१ व्यवहार होते. १३ मी काढले आणि २८ चा आकडा वर पाठवला.