महापौराची खुर्ची आणि आपले मत

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमचा नातू कामावरून आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. आम्ही त्याला म्हणालो, "बाळा, मतदारयादीत नाव आहे का ते बघून घे. महापालिकेचे मतदान आले." तो भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "आजोबा, तीन-चार वर्षे मुंबईला महापौरच नाही. तरी नळाला पाणी येते, कचऱ्याची गाडी येते. मग महापौर असला काय आणि नसला काय?"

सूनबाई त्याच्यावर रागावल्या. पण आम्हाला राग आला नाही. प्रश्न खरा होता, आणि खऱ्या प्रश्नाला दटावणी हे उत्तर नव्हे. त्या रात्री आम्ही बापाकडून ऐकलेले आणि पुढे स्वतः वाचलेले सगळे आठवून काढले. तेच आज वाचक बंधुभगिनींपुढे मांडतो आहोत.

मुंबईत पहिल्याने 'मेयर' आला तो इंग्रजांच्या राजाने १७२६ साली दिलेल्या सनदेने. पण तो रस्ते-गटारे बघणारा नव्हता. एक मेयर आणि नऊ आल्डरमन मिळून न्यायाचे कोर्ट चालवीत. ते कोर्ट अठराव्या शतकाच्या अखेरीस बंद झाले आणि मेयरही गेला. पुढे १८७२ च्या कायद्याने महापालिकेची सभा बसली. सभासद चौसष्ट. त्यांतले निम्मे, म्हणजे बत्तीस, करदात्यांनी निवडायचे. बाकीचे सरकारने आणि जस्टिस ऑफ द पीस म्हणवणाऱ्या प्रतिष्ठितांनी पाठवायचे. १८८८ साली नवा कायदा झाला. त्याच्या घडणीत फिरोजशहा मेहतांचा मोठा हात होता. बोरीबंदर स्टेशनासमोर १८९३ साली पुरी झालेली पालिकेची इमारत आहे, तिच्यापुढे आजही त्यांचा पुतळा उभा आहे. सभेच्या प्रमुखाला तेव्हा अध्यक्ष म्हणत. १९३१ साली त्याला महापौर हे नाव मिळाले आणि जे. बी. बोमन-बेहराम हे पहिले महापौर झाले.

हे सगळे चालले होते तेव्हा आपली माणसे कुठे होती? ती याच शहरात होती. रात्री पाट्या उचलणारे, पहाटे रस्ते झाडणारे, गोदीत ओझी वाहणारे, गिरणीत राबणारे आपलेच लोक होते. गिरणीतसुद्धा विणकाम खात्याचे दार आपल्याला बंद होते, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या तोंडाचा विटाळ होई. शहर साफ राखणाऱ्या माणसाला शहराच्या सभेत माणूस पाठवायचा अधिकार नव्हता. १९२२ साली कायदा थोडा सैल झाला आणि महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्याला मत मिळाले. आमच्या आजोबांच्या खोलीचे भाडे दहा रुपयांच्या खूप खाली होते आणि त्या एका खोलीत तीन बिऱ्हाडे राहत. म्हणजे आजोबा मुंबईत जन्मभर राबले, पण मुंबईच्या कारभारात त्यांना बोट उमटवता आले नाही. ते १९४६ साली गेले. प्रत्येक सज्ञान माणसाला मत देऊन पालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९४८ साली. दोन वर्षे आधी गेलेल्या आजोबांचे मत राहिले ते राहिलेच.

त्या खुर्चीवर मोठी माणसे बसली, हे कबूल केलेच पाहिजे. वरळी नाक्याकडे येणाऱ्या ई. मोझेस रोडने आपण शेकडो वेळा गेलो असू. ते एलायजा मोझेस ज्यू समाजाचे, १९३७-३८ चे महापौर. १९४२ साली युसूफ मेहेरअली महापौर होते आणि त्याच वर्षी 'चले जाव'च्या लढ्यात तुरुंगात गेले. १९५६ साली सुलोचना मोदी यांच्या रूपाने पहिली स्त्री महापौर झाली. पारशी, ज्यू, मुसलमान, ख्रिस्ती, गुजराती, मराठी अशा सर्वांना ही खुर्ची मिळाली. ही मुंबईची थोरवीच म्हणायची. पण गावकुसाबाहेरून आलेल्या माणसाची पाळी यायला संयुक्त महाराष्ट्राचा लढा उभा राहावा लागला.

त्या लढ्यात आपला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन समितीबरोबर होता. १९५७ साली समितीने पालिका जिंकली. समितीच्या राज्यात १९५८ साली मीरत कटाच्या खटल्यातले कॉम्रेड एस. एस. मिरजकर महापौर झाले आणि त्यांच्यामागून १९५९ साली आपले पी. टी. बोराळे.

आम्ही तेव्हा नऊ वर्षांचे होतो आणि वरळीच्या बी. डी. डी. चाळीत राहत होतो. बाबासाहेबांना जाऊन अडीच वर्षेसुद्धा झाली नव्हती. घराघरात त्यांच्या फोटोपुढे मेणबत्ती लागत होती आणि माणसे पोरकी झाल्यासारखी वागत होती. अशात एका संध्याकाळी बा पाळीवरून आला तो जिना चढतानाच ओरडत आला, "आपला मानूस मेयर झाला!" आईला मेयर म्हणजे काय ते माहीत नव्हते. बाने तिला सांगितले, "अगं, सभेत सगळे उभे राहतात त्याच्यासाठी. शेटसुद्धा." आईने चूल फुंकता फुंकता विचारले, "शेटबी?" बा म्हणाला, "शेटबी." मग तिने डब्यातला गूळ काढला आणि मजल्यावरच्या सगळ्या पोरांच्या हातावर एकेक खडा ठेवला. त्या गुळाची चव आज पंचाहत्तरी उलटल्यावरही जिभेवर आहे.

पण वाचकहो, केवळ गूळ खाऊन थांबलो तर आपण बाबासाहेबांचे वाचक कसले? पुढे मोठे झाल्यावर कळले की सभेत सगळे उभे राहतात हे खरे, पण तिजोरीची किल्ली त्या खुर्चीजवळ नाही. १८८८ च्या कायद्याने अंमलबजावणीचे अधिकार आयुक्ताला दिले, आणि आयुक्त नेमायचा तो सरकारने. पैशाच्या मंजुरीत मोठा शब्द स्थायी समितीचा. महापौराने सभा चालवायची, पाहुण्यांचे स्वागत करायचे, शहराचा पहिला नागरिक म्हणून मिरवायचे. इंग्रज गेला, पण ही व्यवस्था राहिली. १९९८ साली महापौर परिषद आणून महापौराच्या हाती कारभार देण्याचा प्रयोग झाला, तो १९९९ सालीच गुंडाळला गेला.

आपल्या माणसाला खुर्ची पुन्हाही मिळाली. १९९२-९३ साली चंद्रकांत हंडोरे महापौर होते. त्याच वर्षी मुंबई दंगलीत होरपळली. १९९३ च्या जूनपासून चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अंमलात आली आणि अनुसूचित जाती-जमातींना व स्त्रियांना पालिकेत राखीव जागा घटनेनेच दिल्या. महापौरपदाच्या आरक्षणाचीही सोडत निघू लागली. २०१४ साली अनुसूचित जातीसाठी राखीव झालेल्या या पदावर स्नेहल आंबेकर आल्या. आजोबांना मत नव्हते. त्याच शहरात समाजातली एक बाई महापौर झाली. हा पल्ला लहान नाही. पण राखीव जागेवर बसलेला माणूस समाजाचे ऐकतो की तिकीट देणाऱ्या पक्षाचे, हा प्रश्न आपण दर वेळी विचारलाच पाहिजे. तो विचारायला आपण कचरतो, ही आपली चूक आहे, खुर्चीची नव्हे.

आता नातवाच्या प्रश्नाकडे येऊ. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली. निवडणूक लांबत गेली. २०२३, २०२४ आणि २०२५ ही सबंध वर्षे महापौर नव्हता, नगरसेवक नव्हते, सभा नव्हती. सरकारने नेमलेला आयुक्तच प्रशासक झाला. पाणी येत होते आणि कचरा उचलला जात होता, हे नातू म्हणाला ते बरोबरच. पण ते पाणी आणणारा, तो कचरा उचलणारा कामगार आहे. तो तर आजोबांच्या काळातही उचलतच होता! तेव्हाही शहर चालत होते. प्रश्न शहर चालण्याचा नाहीच. शहर कोणाला विचारून चालते, हा प्रश्न आहे.

आम्ही नातवाला म्हणालो, "बाळा, सभा भरते तेव्हा आपल्या वॉर्डाचा माणूस उभा राहून विचारू शकतो की या गल्लीचे गटार का राहिले, त्या शाळेला मास्तर का नाही. महापौराला ते ऐकून घ्यावे लागते आणि कारभाऱ्यांना उत्तर द्यावे लागते. सभाच नसली की विचारायचे कोणाला? तुझ्या खापरपणजोबाला विचारायला जागा नव्हती. तुला जागा आहे आणि तू ती सोडतोस."

तो काही बोलला नाही. ताट उचलले, मोरीत ठेवले. आम्हाला वाटले, म्हाताऱ्याची बडबड म्हणून सोडून दिली असेल. दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला तेव्हा त्याच्या हातात कागद होता. घरातल्या सगळ्यांची नावे, यादी क्रमांक, मतदान केंद्र, सगळे त्याने लिहून आणले होते. सूनबाईंचे नाव दोन ठिकाणी होते, धाकट्या नातीचे कुठेच नव्हते. "हिचे का राहिले, ते विचारून आलो," तो म्हणाला. "पुढच्या वेळी वेळेत अर्ज भरायचा आहे. चाळीतल्या अजून सहा पोरांचे राहिले आहे. त्यांचेही मीच बघतो."

जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले. आम्ही काठी टेकत गेलो, नातू बरोबर होता. रांगेत आम्हाला खुर्ची दिली एका पोलीस मुलीने. आम्ही बसलो, आणि बोटाला शाई लागली तेव्हा महापौर कोण होणार याचा विचार मनात आलाच नाही. न पाहिलेल्या आजोबांचे बोट डोळ्यांपुढे आले. गिरणीच्या तेलाने काळे झालेले, पण शाई कधी न लागलेले.