कोरडा दिवस

वसमत तालुक्यातल्या आमच्या गावात माझ्या ऑपरेशनची बातमी 'गुरुजींची प्रोस्टेटची गाठ काढली' अशी पसरली. भेटायला येणारा प्रत्येक जण मग कुणा ना कुणा म्हाताऱ्याचं नाव काढायचा. माझ्या सासऱ्याचं झालं की, तिसऱ्या दिवशी घरी, महिन्याभरात शेतात. ते खोटं नव्हतं, पण ते ऑपरेशन वेगळं. वयामुळे प्रोस्टेट फुगून लघवीची वाट दाबते, तेव्हा दुर्बिणीतून आत जाऊन नुसता गर खरवडतात. मोसंबीची साल जागेवर राहते. कॅन्सरमध्ये सालीसकट अख्खी मोसंबी काढतात, तिला लागून असलेल्या वीर्याच्या पिशव्याही काढतात, आणि मूत्राशयाचं तोंड खाली ओढून मूत्रनलिकेला शिवतात. लघवी अडवून धरणाऱ्या दोन झडपांपैकी आतली त्यात सहसा जाते. खालची उरते, आणि तिला आयुष्यात पहिल्यांदाच सगळं काम एकटीनं करावं लागतं.

हे मला नंतर कळलं. आधी फक्त एवढंच ठाऊक होतं, की रक्तात पीएसए वाढलाय, बायोप्सीत कॅन्सर निघालाय, तो अजून ग्रंथीच्या बाहेर गेलेला नाही आणि काढून टाकला तर बरं. वय त्रेसष्ट. दिवाळी झाली आणि ऑपरेशन झालं. बाराव्या दिवशी नळी काढली. खाटेवरून उठून उभा राहिलो आणि पाय ओले झाले. जोर नाही, कळ नाही, चाहूल नाही. नळाचा वायसर गेल्यावर जसं होतं तसं.

पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीची पोरं सांभाळली. वर्गात ओली झालेली पोरं मी किती वेळा कुणाला न कळू देता घरी पोचवली असतील. आता माझ्यासाठी गावातलं मेडिकल वर्ज्य झालं. मुलगा हिंगोलीहून डायपरचे गठ्ठे काळ्या पिशवीत घालून आणायचा आणि काही न बोलता कपाटात ठेवायचा. पँट सोडून धोतर नेसायला लागलो. लोकांना वाटलं, गुरुजी आता वारकरी झाले. धोतरात पॅडचा फुगीरपणा दिसत नाही, एवढंच त्यामागचं अध्यात्म.

घरात बसून माणूस पाणी कमी प्यायला लागतो. पाणी कमी तर लघवी कमी, हा हिशोब सरळ वाटतो, पण उलटतो. घट्ट, पिवळीजर्द लघवी मूत्राशयाला आणखी टोचते आणि घाई वाढते. चहानंही तेच होतं. नांदेडच्या एका मूत्ररोगतज्ज्ञांनी हे समजावलं. मग म्हणाले, "गुरुजी, वारा सरायला लागला आणि चारचौघांत बसलाय, तेव्हा काय आवळता? तेच आवळा." पोट आत ओढायचं नाही, मांड्या दाबायच्या नाहीत, श्वास कोंडायचा नाही. पाच आकडे मोजेपर्यंत धरायचं, तितकाच वेळ सैल सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सैल सोडणंही व्यायामच, हे बहुतेक जण विसरतात. आणि खोकण्याआधी, उठण्याआधी, ओझं उचलण्याआधी एकदा आवळून घ्यायचं.

घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "हे तर मला धाकट्याच्या बाळंतपणानंतर नर्सबाईंनी सांगितलं होतं." म्हणजे? "म्हणजे काय, शिंक आली की होतंच की थोडं. तीस वर्षं झाली." तिनं तव्यावर भाकरी टाकली. "बायकांचं कोण विचारतंय?"

हा व्यायाम मुळात बायकांसाठीच निघालेला. अरनॉल्ड केगेल नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञानं 1948 साली बाळंतपणानंतर सैल झालेल्या स्नायूंसाठी तो मांडला, म्हणून त्याचं नाव केगेल. पुरुषांच्या वाट्याला तो उसना आला. त्या दिवसापासून संध्याकाळी ओसरीवर आम्ही दोघं शेजारी बसून आवळायला लागलो. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा-म्हातारी गप्प बसलेत, भांडण झालं असेल.

सुधारणा दिसत नाही, मोजावी लागते. मी हजेरीची जुनी वही काढली आणि दिवसाचे पॅड लिहायला लागलो. सुरुवातीला सहा. आधी रात्र कोरडी झाली. आडवं पडल्यावर भार कमी, त्यामुळे बहुतेकांचं असंच होतं. मग सकाळ सुधारली. संध्याकाळ हट्टी, दिवसभर राबून स्नायू थकतो आणि पाचनंतर पुन्हा गळायला लागतं. संक्रांतीला चार, होळीला दोन. मधे हळदीची काढणी आली. शिजवलेल्या हळदीची पाटी उचलायला वाकलो आणि आठवडाभराचा हिशोब एका क्षणात ओला झाला. गडी बघत होता. म्हणाला, "घाम लई आला, गुरुजी." त्याला काय कळलं ते त्यालाच ठाऊक. मे महिन्यात एक दिवस वहीत शून्य लिहिलं. ड्राय डे म्हणतात तो. त्या आठवड्यात औंढ्याला नागनाथाला जाऊन आलो. तिथलं गर्भगृह जमिनीखाली आहे, अरुंद वाटेनं वाकून खाली उतरावं लागतं. सहा महिने मी त्याच वाकण्याला भीत होतो.

आता दुसरी गोष्ट. ती लिहावी की नाही, यावर बरेच दिवस घालवले. पण लघवीचं निदान आडून आडून तरी बोललं जातं, याचं तेवढंही नाही.

ऑपरेशन जिथे झालं, तिथे सुट्टी देताना मी विचारायचा प्रयत्न केला होता. उत्तर मिळालं, "या वयात आता काय करायचंय, काका? जीव वाचला ना?" हसून सांगितलं होतं, दुष्टपणा नव्हता. पण त्रेसष्टाव्या वर्षी काय करायचंय, हे ठरवणारा तो कोण? आमच्यात होतं. रोज नव्हे, गाजावाजा करून नव्हे. नातवंडं झोपल्यावर, कधीतरी. आणि होतं म्हणूनच गेलेलं कळलं.

ताठरता आणणाऱ्या नसा प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंनी कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिकटून जातात. त्या नेमक्या कुठे आहेत हेच पूर्वी ठाऊक नव्हतं, त्यामुळे हे ऑपरेशन झालेले जवळजवळ सगळेच पुरुष ती शक्ती गमावत. 1981 साली पॅट्रिक वॉल्श हा अमेरिकन सर्जन हॉलंडमध्ये लायडनला पीटर डोंकर या निवृत्त प्राध्यापकाला भेटला. त्या म्हाताऱ्यानं त्याला शवविच्छेदनात त्या नसा दाखवल्या. पुढच्याच वर्षी, 26 एप्रिल 1982 रोजी, वॉल्शनं जाणूनबुजून नसा वाचवत पहिलं ऑपरेशन केलं. माझ्या एका बाजूच्या नसा वाचवता आल्या होत्या, एका बाजूच्या नाही. तिथे कॅन्सर जवळ होता. वाचलेल्या नसाही ओढाताणीनं मुक्या होतात. त्यांना बोलतं व्हायला वर्ष, दीड वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात.

नांदेडच्या डॉक्टरांनी सिल्डेनाफिल लिहून दिलं, आधी हृदयाची चौकशी करून. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याला हे औषध चालत नाही, रक्तदाब धोकादायक उतरतो. पहिले काही महिने त्याचा उपयोग शून्य. गोळी नसेचा निरोप मोठा करते. निरोपच निघत नसेल तर ती काय करणार? मग व्हॅक्यूम पंप. तो ट्रंकेत नातवंडांच्या हाती लागणार नाही असा ठेवणं, हाच त्यातला अवघड भाग.

एसटी स्टँडामागच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती वाचत आमची पिढी वाढली. वीर्याचा एक थेंब गेला तर माणूस खचतो, हे मनात पक्कं बसलेलं. आणि आता माझ्यात वीर्यच नाही. ते बनवणाऱ्या जागाच काढून टाकल्यात. पण सुख येतं. ताठरता नसतानाही येतं, कारण त्याची नस वेगळी आहे. पहिल्यांदा ते कोरडं सुख आलं तेव्हा थोडी लघवीही आली. मी शरमेनं उठायला लागलो. तिनं हात धरला. म्हणाली, "टावेल आहे ना."

चौदाव्या महिन्यात शरीरानं अर्धामुर्धा निरोप दिला. पूर्वीसारखं नाही. पूर्वीसारखं होईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. पीएसए दर काही महिन्यांनी तपासतो, अजून नगण्य आहे. रिपोर्ट हातात येईपर्यंतचे दोन दिवस अजूनही जड जातात.

यंदाची हळद मार्चात पॉलिशला लावली. ड्रम फिरायला लागला की पिवळी धूळ सगळ्या आवारात उडते. पोत्याजवळ बसलेल्या तिला शिंक येऊ घातली. ती क्षणभर थबकली, मग शिंकली.

"आवळलं का?" मी विचारलं.

"आवळलं," ती म्हणाली, आणि दाभणात सुतळी ओवायला लागली.