पावती आणि बिदागी

गाणं विकत घेऊनच ऐकायचं, फुकट उतरवून घ्यायचं नाही, हा नियम मी माझ्या गाण्याच्या वर्गात कित्येक वर्षं चालवला. शिकणाऱ्या मुलांनी इकडून तिकडून फाइली आणलेल्या मला खपत नसत. कुणी पेन ड्राइव्ह भरून गाणी आणली, तर मी तो वर्गात लावूही देत नसे. कॅसेट घ्या, सीडी घ्या, परवडत नसेल तर आकाशवाणी ऐका, हे माझं ठरलेलं उत्तर. तो नियम मी अलीकडे बदलला. का बदलला आणि त्याच्या जागी काय आणलं, हे नीट सांगायला हवं. ज्या मुलांनी तो मनापासून पाळला, त्यांना ते कळायलाच हवं.

नियमाचं मूळ आमच्या घरात होतं. माझे काका तबल्याची साथ करत. गणेशोत्सवात आणि हिवाळ्यात मैफिली असत, मधले महिने शिकवण्यांवर निघत. कलाकाराचं घर बिदागीवर कसं चालतं, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. ऐंशीच्या दशकात कॅसेट घरोघरी पोचल्या आणि त्यांच्या मागोमाग नकली कॅसेटही फुटपाथवर आल्या. पुढे एका सीडीत शे-दीडशे गाणी कोंबून ती रेल्वे स्टेशनबाहेर विकली जाऊ लागली. 1999 मध्ये इंटरनेटवर नॅप्स्टर आलं आणि गाणं फुकट मिळवण्यासाठी फुटपाथवर जायचीही गरज उरली नाही. मुंबईच्या काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांचं दुकान 2016 मध्ये बंद झालं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. तिथल्या माणसांना राग ठाऊक असत, घराणी ठाऊक असत. फुकट घेणाऱ्यांनी ही दुकानं मारली आणि त्यांच्याबरोबर कलाकारही मारला, असं माझं ठाम मत होतं. पावती हातात असेल तर ऐकणारा प्रामाणिक, नसेल तर चोर. इतका सरळ हिशोब होता.

काका गेल्यानंतर काकूंनी त्यांचे जुने कागद माझ्याकडे आवरायला दिले. त्यात एका ध्वनिमुद्रणाचा करार होता. काकांनी ज्या कॅसेटवर साथ केली होती, तिचा. ठरावीक रक्कम एकदाच दिली, यापुढे कसलाही हक्क राहणार नाही, एवढाच त्याचा मथितार्थ. ती कॅसेट मी लग्नामुंजीत आहेर म्हणून कितीतरी जणांना दिली होती, दर वेळी दुकानातून रीतसर विकत घेऊन. काकांच्या हातांची कदर होते आहे, त्यांच्या घरात चार पैसे जात आहेत, या समाधानात. कॅसेटच्या वेष्टणावर त्यांचं नावही नव्हतं. काकूंना यात नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, “अगं, साथीदाराला नेहमी असंच. एकदा पैसे हातात पडले की संपलं.”

कागद वाचून मी कायद्याकडे वळले. एकदा मोबदला घेतल्यावर गायकाचा गाण्याशी संबंध उरतो की नाही, यावर 1960 च्या दशकात लता मंगेशकर आणि महंमद रफी यांच्यातच मतभेद झाला. गायकाला रॉयल्टी मिळाली पाहिजे, असा लतादीदींचा आग्रह होता. गाण्याचे पैसे मिळाले की आपला हक्क संपला, असं रफीसाहेबांचं म्हणणं होतं. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माताच, वेगळा करार नसेल तर. त्याच निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतःचं टिपण जोडलं. गाणाऱ्याला आपल्या कायद्यात काहीच हक्क नाही, याची खंत त्यांनी त्यात व्यक्त केली आणि संसदेनं इकडे लक्ष द्यावं असं सुचवलं. सादरकर्त्याचा हक्क कायद्यात यायला 1994 उजाडलं. गीतकार, संगीतकार आणि सादरकर्ते यांच्या रॉयल्टीची तरतूद 2012 च्या दुरुस्तीत झाली. तिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत तळमळीने बोलले होते. तोवर काका हयात नव्हते.

म्हणजे मी ज्या काळात ‘विकत घ्या, कलाकाराला जगवा’ असं मुलांना बजावत होते, त्यातल्या बऱ्याच काळात विक्रीचा आणि कलाकाराच्या हक्काचा कायद्याने बांधलेला संबंधच नव्हता.

यावरून सोपा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. कंपनीच सगळं गिळते, मग आपण फुकट घेतलं तर बिघडलं कुठे? हे मला कधीच पटलं नाही आणि आजही पटत नाही. काकांना जी एकरकमी बिदागी मिळाली, ती कॅसेट खपेल या भरवशावरच मिळाली होती. खप बुडाला असता तर पुढचं बोलावणं आलं नसतं. ख्यालगायनाचं ध्वनिमुद्रण काढणारा छोटा प्रकाशक आधीच तोट्याची जोखीम घेत असतो. कलाकारावर अन्याय होतो म्हणून आपणही त्याच्या वाट्याचं बुडवायचं, यात कलाकाराची बाजू कुठेच येत नाही. काकांचा करार वाचून माझी पैसे देण्यावरची श्रद्धा गेली नाही. फक्त पैसे दिले की आपलं काम झालं, ही समजूत गेली.

पुढचा धक्का स्ट्रीमिंगनं दिला. मी वर्गणी भरू लागले तेव्हा वाटलं, आता प्रश्न मिटला. अधिकृत सेवा, दरमहा पैसे, हवं ते गाणं. मग हे पैसे वाटले कसे जातात ते समजून घेतलं. बहुतेक सेवांमध्ये सगळ्या श्रोत्यांच्या वर्गणीची एकच रास होते आणि एकूण वाजलेल्या गाण्यांत ज्याचा जितका हिस्सा, तितका वाटा त्याला मिळतो. मी महिनाभर फक्त मल्लिकार्जुन मन्सूर ऐकले, तरी माझे पैसे त्यांच्याच ध्वनिमुद्रणांकडे जात नाहीत. इतर लाखो लोक जे ऐकतात, तिकडे त्यांचा मोठा भाग जातो. त्यातच अर्ध्या तासाचा बडा ख्याल आणि तीन मिनिटांचं गाणं, दोन्ही एकदाच ‘वाजलं’ असं मोजलं जातं. 2024 पासून स्पॉटिफायनं आणखी एक नियम केला. मागच्या बारा महिन्यांत हजारापेक्षा कमी वेळा वाजलेलं ध्वनिमुद्रण वाटपात धरायचंच नाही. अनवट रागांची किती ध्वनिमुद्रणं वर्षाला हजार वेळा वाजत असतील?

पैशाचं राहू द्या, नावाचं काय? 1902 मध्ये फ्रेड गेसबर्ग ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्याला आला आणि त्यानं गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. त्या काळी गायक गाणं संपताच आपलं नाव मोठ्याने सांगत. गौहर जानचा तो खणखणीत आवाज आजही त्या तबकड्यांवर ऐकू येतो. सव्वाशे वर्षांनंतर मी वर्गणी भरून जे ख्याल ऐकते, त्यांतल्या कितीतरींच्या खाली तबला कुणाचा, पेटी कुणाची, मागे तानपुऱ्यावर कोण, हे लिहिलेलं नसतं. कधीकधी रागाचं नावही चुकलेलं असतं. उलट, ज्यांच्याकडून काही घ्यायला मी मुलांना मनाई करत होते, त्या जुन्या संग्राहकांच्या वह्यांत मैफिलीचं गाव, साल आणि साथीदार यांची काळजीपूर्वक नोंद असते.

त्या संग्राहकांकडे मला एका विद्यार्थिनीनं नेलं. जयपूर-अत्रौली घराण्याचा एक अनवट राग तिला बसवायचा होता. बाजारात तो कुठेच नव्हता. माझ्या ओळखीच्या एका वयस्कर रसिकांकडे साठच्या दशकातल्या एका घरगुती बैठकीची टेप होती. ती मागायला जावं की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. शेवटी आम्ही गेलो. त्यांनी टेप ऐकवली आणि तिची प्रतही दिली. त्या गाण्यात रागाची अशी एक चाल होती की जी माझ्या पुस्तकांत नव्हती आणि मला माझ्या गुरूंकडूनही मिळाली नव्हती. माझा नियम पाळला असता, तर ती माझ्या विद्यार्थिनीपर्यंत कधी आलीच नसती. त्या घरातली स्पूल तोवर पार ठिसूळ झाली होती.

याच घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांनी आपलं गाणं मुद्रित होऊ दिलं नाही. भास्करबुवा बखल्यांचं गाणंही मागे राहिलं नाही. त्यांची थोरवी आपण शिष्यांच्या गाण्यावरून आणि लोकांनी लिहिलेल्या आठवणींवरून ताडतो. जे मुद्रित झालं, तेही आपोआप टिकत नाही. खाँसाहेबांच्या शिष्या, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. त्यासाठी निवड झाली तेव्हा ती रेकॉर्ड बाजारातून केव्हाच नाहीशी झालेली होती. शोधता शोधता ती न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, एका खोक्यात मिळाली. कंपनीनं छापणं थांबवल्यावरही कुणीतरी ती ठेवली होती, म्हणून ती भैरवी यानांवर चढली.

कायदा म्हणजे सरसकट बंदी, असं मी धरून चालले होते. वाचल्यावर दिसलं की तो माझ्या नियमापेक्षा उदार आहे. खासगी वापरासाठी किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी सादरीकरणाचं ध्वनिमुद्रण करण्याला कलम 39 मध्ये सूट आहे. मुदतीचंही तसंच. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं राहतो, आणि शब्द व चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. ‘संगीत मानापमान’ 1911 चं. त्यातली पदं लिहिणारे खाडिलकर 1948 मध्ये गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे 1955 मध्ये. म्हणून त्यातल्या पदांच्या बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या आज शब्द, चाल आणि मुद्रण अशा तिन्ही अंगांनी सर्वांच्या आहेत. त्या उतरवून घेण्यात कसलाही अपराध नाही. ‘गीतरामायणा’चं तसं नाही. गीतकार गदिमा 1977 मध्ये गेले, संगीतकार सुधीर फडके (बाबूजी) 2002 मध्ये. त्यातल्या शब्दांचा हक्क 2037 अखेरपर्यंत आणि चालींचा 2062 अखेरपर्यंत त्यांच्या वारसांकडे किंवा ज्यांना तो दिला असेल त्यांच्याकडे राहणार. दोन्ही आपल्या घरातलीच गाणी, पण त्यांच्याबाबत आपलं कर्तव्य एक नाही. माझा जुना नियम या दोहोंत फरकच करत नव्हता.

आता मुलांना मी ‘विकत घेतलंस का?’ असं विचारत नाही. ‘या गाण्यामागे कुणाचे पैसे थकले आहेत, आणि ते त्याच्यापर्यंत पोचवायचा सगळ्यात जवळचा रस्ता कोणता?’ असं विचारते. कलाकार हयात असेल, त्याचा अल्बम विकत मिळत असेल, तर तो घ्यायचाच. तिथे फुकट फाइलीला माझ्या वर्गात आजही जागा नाही. नुसती वर्गणी भरून थांबायचं नाही, त्याच्या मैफिलीचं तिकीट काढायचं, आणि गावात बैठक ठेवायची असेल तर साथीदारांची बिदागी आधी ठरवायची. जे कुठेच विकत मिळत नाही, ते संग्राहकाकडून अभ्यासासाठी आणायचं, जपायचं आणि पुढच्या शिकणाऱ्याला द्यायचं. ते चव्हाट्यावर टाकायचं नाही आणि त्याचा धंदा करायचा नाही. कंपन्यांनाही माझं सांगणं आहे. तुमच्या कोठारात पडून असलेली जुनी ध्वनिमुद्रणं साथीदारांच्या नावांसह बाजारात आणा. आम्ही ती आनंदानं विकत घेऊ.

एका जागी मात्र मी पूर्वीइतकीच कडक आहे. गायकानं किंवा गायिकेनं ‘मुद्रण करू नका’ असं सांगितलं असेल आणि तरी कुणी चोरून केलं असेल, तर ते मला ऐकायचं नाही, कितीही दुर्मीळ असो. अल्लादिया खाँसाहेबांच्या नकारामुळे आपलं केवढं नुकसान झालं, हे मी जाणते. तरीही तो नकार त्यांचा होता आणि तो पाळला गेला हे योग्यच झालं. काकांनी करारावर सही केली तेव्हा त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला विचारणं ही पहिली पायरी आहे, पैसे त्यानंतर येतात.

वर्गाच्या संग्रहातल्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाची नोंद आम्ही आता नव्याने करतो आहोत. गायक, तबला, पेटी, तानपुरा, गाव, साल, कुणाकडून मिळालं आणि कोणत्या अटीवर. एखाद्या साथीदाराचं नाव कळत नसेल, तर ज्येष्ठांकडे जाऊन, ध्वनिमुद्रण ऐकवून ते विचारून यायचं, हे काम मुलांकडे आहे. त्या साथीदाराच्या घरचं कुणी सापडलं, तर एक प्रत त्यांना नेऊन द्यायची.