स्टेशन नसलेल्या शहरातून रेल्वे पाहताना

महाराष्ट्रातून नोएडाला जायचे म्हटले की पहिला प्रश्न पडतो, उतरायचे कुठे? मेट्रोची स्टेशने हवी तेवढी आहेत, पण लांब पल्ल्याची गाडी थांबेल असे एकही रेल्वे स्टेशन या शहराला नाही. हजरत निजामुद्दीन, आनंद विहार किंवा गाझियाबाद यांपैकी एखादे जवळ करायचे आणि तिथून पुढे मेट्रो नाहीतर रिक्षा पाहायची. १७ एप्रिल १९७६ रोजी जन्मलेले हे शहर. त्याचे नावसुद्धा ‘न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट अथॉरिटी’ या सरकारी नावाच्या आद्याक्षरांचे बनलेले! आखणी करणाऱ्यांनी रुंद रस्ते आखले, सेक्टरना क्रमांक दिले. आगगाडी मात्र हद्दीबाहेरच राहिली.

आपल्या माणसांची इथे वाण नाही. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतार यांनी सरदार पटेलांच्या प्रचंड पुतळ्याची घडण केली. ते नोएडाचेच रहिवासी झाले होते आणि डिसेंबर २०२५ मध्ये, वयाची शंभरी गाठून, इथेच वारले. नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे तर सेक्टरासेक्टरात भेटतात. आमचे मेहुणे त्यांपैकीच. त्यांच्याकडे चार दिवस राहून मी नोएडा पाहिले, पण खरे सांगायचे तर पाहिली ती रेल्वेच.

जाताना मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून निघणारी राजधानी धरली. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेली ही गाडी कल्याण, नाशिक रोड, जळगाव, भोपाळ, झाशी, आग्रा या वाटेने निजामुद्दीनला जाते. नाशिक-जळगावकरांना राजधानी मिळाली ती हिच्यामुळे. हिची खरी गंमत कसारा घाटात आहे. घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट. एरवी गाडी कसाऱ्याला थांबते, मागून ढकलायला जादा इंजिने लागतात आणि इगतपुरीला ती सोडवली जातात. या राजधानीला २०१९ सालीच पुढे एक आणि मागे एक अशी दोन इंजिने कायमची जोडली. दोन्ही इंजिने पुढच्या चालकाच्या हुकमतीत चालतात; त्यामुळे जोडण्या-सोडवण्यात जाणारा वेळ वाचतो. गाडी जलद झाली, पण तिचा कमाल वेग एका किलोमीटरनेही वाढलेला नव्हता. केवळ एक थांबणे कमी झाले!

वेगाची चर्चा आपण नेहमी इंजिनाच्या ताकदीवरून करतो. एप्रिल २०१६ मध्ये निजामुद्दीन ते आग्रा ‘गतिमान’ सुरू झाली. ताशी १६० किलोमीटर हा तिचा कमाल वेग. १८८ किलोमीटर अंतर तिने शंभर मिनिटांत कापायला सुरुवात केली, म्हणजे सरासरी निघाली ११३ च्या आसपास. देशातल्या सगळ्यात जलद गाडीची ही गोष्ट. आणि ‘सुपरफास्ट’ म्हणून आपल्याकडून जादा आकार घेतला जातो, त्या गाडीला सरासरी किती वेग हवा, ठाऊक आहे? ताशी फक्त ५५ किलोमीटर. आपली लाडकी दख्खनची राणी १ जून १९३० रोजी धावू लागली. इंजिने बदलली, २०२२ साली नवे डबे आले, तरी पुणे-मुंबई हे १९२ किलोमीटर काही तीन तासांच्या आत येत नाहीत.

मग अडते कुठे? एक तर १३० च्या वर वेग गेला की रुळाकडेचा सिग्नल चालकाला नुसत्या डोळ्यांनी वेळेवर दिसेल, याचा भरवसा उरत नाही. सिग्नल त्याच्या समोर इंजिनातच दिसायला हवा. ‘कवच’ ही यंत्रणा ते काम करते आणि चालक चुकला तर स्वतः ब्रेकही लावते. दिल्ली-मुंबई मार्गावर मथुरा ते कोटा या टप्प्यात ती २०२५ मध्ये कार्यान्वित झाली. शिवाय गुरे आणि माणसे रुळांवर येऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंना कुंपण हवे, फाटके जाऊन पूल हवेत, वळणे सैल करायला हवीत. यातले काहीही फीत कापण्यासारखे नाही. नव्या गाडीला फुलांच्या माळा घालता येतात, कुंपणाला कोण घालणार?

उत्तरेत याच्यावर आणखी एक संकट असते, ते धुक्याचे. डिसेंबर-जानेवारीत नोएडातल्या बाल्कनीतून समोरची इमारत दिसत नाही, तिथे चालकाला सिग्नल कसा दिसावा? सिग्नल जवळ आल्याची खूण म्हणून रुळांवर फटाके बांधून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. चाकाखाली ते फुटले की चालक सावध होतो. आता उपग्रहाच्या मदतीने पुढच्या सिग्नलचे अंतर सांगणारे यंत्र त्याच्याजवळ असते. तरीही दाट धुक्यात वेग ७५ च्या वर नेता येत नाही. नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन इकडे येणाऱ्यांनी परतीच्या दिवशी दुसऱ्या कुठल्याही गाडीची जोडणी ठेवू नये, हा मेहुण्यांचा अनुभवाचा सल्ला.

आता वेगळी वाट पाहू. नोएडाच्या सेक्टर १५ मधून मेट्रोने एकच स्टेशन मागे गेले की दिल्लीच्या हद्दीतले न्यू अशोक नगर लागते. तिथे मेट्रोच्याही वरून जाणारा एक मार्ग आहे, नमो भारतचा. ५ जानेवारी २०२५ पासून इथून मेरठ साउथपर्यंत ही गाडी धावू लागली. ५५ किलोमीटर, सुमारे चाळीस मिनिटे आणि सुरुवातीचे साधे भाडे १५० रुपये. मी बसलो तेव्हा शेजारच्या आजीबाई मेरठला लेकीकडे निघाल्या होत्या. मांडीवरच्या स्टीलच्या डब्याचे झाकण जागचे हलत नव्हते आणि डब्यातल्या पडद्यावरचा वेग १६० कडे सरकत होता. पूर्वी बसने किती वेळ लागायचा, असे विचारल्यावर त्या नुसत्या हसल्या.

ही किमया कशाची? या रुळांवरून साध्या रेल्वेची एकही गाडी जात नाही, याची. मालगाडी नाही, मेल नाही. रुळांमधले अंतरही वेगळे, १४३५ मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६. साधी गाडी इथे चुकूनही शिरणार नाही. मात्र दिल्लीच्या सराय काले खाँपासून मेरठच्या मोदीपुरमपर्यंतच्या या ८२ किलोमीटरसाठी मंजूर झालेला खर्च होता तीस हजार कोटींच्या वर. असे मार्ग गावोगाव बांधायचे म्हटले तर तिजोरी पुरेल असे मला वाटत नाही.

म्हणून तिसऱ्या दिवशी दादरीला गेलो. नोएडा ज्या गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातले हे जुने स्टेशन. हावडा-दिल्ली मुख्य मार्ग इथून जातो. राजधान्या, वंदे भारत, बिहारकडच्या मेल आणि ठेशनाठेशनाला थांबणाऱ्या पॅसेंजर गाड्या, सगळ्यांना हीच वाट. मुंबईत लोकल दर तीन-चार मिनिटांनी सुटतात, कारण एका मार्गावरच्या सगळ्या जवळपास सारख्याच वेगाने धावतात. इथे तसे नाही. समजा, साठ किलोमीटरचा टप्पा आहे. १३० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीला तो अर्ध्या तासाचा. थांबत थांबत ताशी चाळीसच्या सरासरीने जाणाऱ्या पॅसेंजरला दीड तासाचा. जलद गाडी मागून निघाली की पॅसेंजरला कुठेतरी बाजूच्या रुळावर उभे करण्यावाचून स्टेशनमास्तरांना गत्यंतर नाही. एकाचा वाचलेला वेळ असा दुसऱ्याच्या खात्यातून वळता होतो. वंदे भारतची बांधणी १८० च्या वेगासाठी आहे, पण या मार्गावर ती फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली ती १३० च्या मर्यादेतच.

यावरचा उपायही दादरीतच आहे. फक्त मालगाड्यांसाठी बांधलेल्या पश्चिम मार्गाचे उत्तरेकडचे टोक म्हणजे न्यू दादरी आणि दुसरे टोक कुठे? आपल्या रायगड जिल्ह्यात, न्हावाशेवा बंदरात! सुमारे दीड हजार किलोमीटर. एकावर एक दोन कंटेनर ठेवून विजेच्या इंजिनाने ओढता यावेत, इतक्या उंचीवर तारा टांगलेल्या. जानेवारी २०२४ मध्ये खुर्जा-दादरी-रेवाडी हा १७३ किलोमीटरचा भाग खुला झाला. मात्र वैतरणा ते न्हावाशेवा या आपल्याकडच्या शंभरेक किलोमीटरचे काम २०२४ साल संपले तरी चालूच होते. मालगाड्या जुन्या रुळांवरून जितक्या हटतील तितकी प्रवासी गाड्यांना जागा होईल, असा हा हिशेब. फक्त ती जागा कोणाला मिळणार, हे वेळापत्रक करणारे ठरवणार. वातानुकूलित गाड्याच वाढल्या तर पॅसेंजर आहे तिथेच उभी राहील. ३० डिसेंबर २०२३ रोजी दरभंगा ते आनंद विहार अशी अमृत भारत सुरू झाली. तिला वातानुकूलित डबा नाही, साधे आणि शयनयानच. पण आपल्या कसारा घाटातल्या राजधानीसारखी दोन्ही टोकांना इंजिने आहेत. नोएडाच्या इमारती बांधायला बिहारहून येणाऱ्या मजुराला वेगातला वाटा देणारी म्हणून ही गाडी मला वंदे भारतपेक्षा महत्त्वाची वाटते.

दादरीच्या फलाटावर दिल्लीकडे जाणारी पॅसेंजर उभी होती. दारात बसलेला विशीतला मुलगा ओखल्याच्या एका कारखान्यात कामाला होता. गाडी का सुटत नाही, असे विचारल्यावर त्याने मागच्या रुळांकडे बोट दाखवले. “पीछे से बड़ी गाड़ी आ रही है.” पाच-सात मिनिटांनी ती आली आणि फलाटावरचा पाचोळा उडवत निघूनही गेली. सिग्नल तरी लालच होता. तिच्या मागून आणखी एक येणार होती. मुलाने मोबाइलवर वेळ पाहिली. त्याची पाळी दोनला सुरू व्हायची होती.